कॅलिफोर्नियात घरच्या माणसासाठी केअर कोर्टाचा अर्ज कसा करायचा: फ्रिजवरच्या कालनिर्णयापासून सुनावणीपर्यंत

मागच्या दिवाळीच्या फराळाला एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं तुझ्या भावाचं ते कोर्टाचं तू केलंस ना, आमच्याकडे पण तसंच चाललंय, पण इथे नको बोलूया." मग आम्ही दोघी गराजमध्ये ड्रायरवर चकलीची प्लेट ठेवून उभ्या उभ्या पाऊण तास बोललो. त्यानंतर अजून तिघांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी तेच फोनवर सांगत बसले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. केअर कोर्ट म्हणजे गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला कोर्टामार्फत काउंटीकडून उपचार आणि राहण्याची सोय मिळवून द्यायची व्यवस्था. मी वकील नाही, डॉक्टर नाही, आयटीत काम करते. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि त्याच्यासाठी मी दोनदा अर्ज केला, पहिल्यांदा आपटले, दुसऱ्यांदा जमलं. हे सगळं फक्त कॅलिफोर्नियाचं आहे, दुसऱ्या राज्यात कायदे वेगळे.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, कारण ती मला कळायला तीन महिने लागले. इथे दोन वेगळी खाती आहेत. एक काउंटीचं बिहेवियरल हेल्थ खातं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागासारखं समजा, डॉक्टर, केस मॅनेजर, घराची सोय हे सगळं त्यांच्याकडे. दुसरं सुपीरियर कोर्ट, ते राज्याच्या न्यायव्यवस्थेचं, पण प्रत्येक काउंटीत एक. पूर्वी घरच्यांनी काउंटीला फोन केला की उत्तर यायचं "तो स्वतः तयार असेल तर घेऊन या", आणि कोर्टात जावं तर कोर्ट म्हणायचं आमच्याकडे उपचार नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही केलेल्या केअर अ‍ॅक्टने या दोघांना एका टेबलाशी बसवलं. अर्ज कोर्टात जातो, कोर्ट काउंटीला म्हणतं जा बघून या आणि लिहून द्या, आणि पुढे वर्षभर काउंटी ठरलेलं करते की नाही तेही कोर्टच बघतं. न केल्यास काउंटीला दिवसाला १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, एका चुकीला जास्तीत जास्त २५,०००. तुमच्या माणसाने प्लॅन पाळला नाही म्हणून त्याला मात्र दंड नाही, तुरुंग नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे केस आपण सरकारवर टाकतोय?" पूर्ण बरोबर नाही, पण इतकंही चुकीचं नाही.

हा कायदा एकदम सगळीकडे आला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात काउंट्या सुरू झाल्या, सॅन फ्रान्सिस्को, सॅन डिएगो, ऑरेंज, रिव्हरसाइड, स्टॅनिस्लॉस, ग्लेन आणि टुओलमी, मग डिसेंबर २०२३ ला लॉस एंजेलिस, आणि डिसेंबर २०२४ पर्यंत उरलेल्या सगळ्या. आता सगळ्या ५८ काउंट्यांत आहे, त्यामुळे "आमच्याकडे हे नाही" असं कोणी फोनवर म्हणालं तर ती जुनी माहिती आहे, नम्रपणे पुन्हा विचारा.

सगळ्यात आधी: आज रात्रीचा प्रश्न आहे का?

असेल तर हा लेख बंद करा. जिवाला धोका असेल तर ९११, आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की मानसिक आजाराची केस आहे आणि क्रायसिस इंटरव्हेन्शन ट्रेनिंग झालेला ऑफिसर पाठवा. हत्यार आहे की नाही तेही सांगा, नसेल तर "नाही" हे मुद्दाम सांगा. धोका लगेचचा नसेल तर ९८८, म्हणजे मानसिक संकटासाठीची हेल्पलाइन, तिथून तुमच्या काउंटीच्या मोबाइल क्रायसिस टीमचीही चौकशी करता येते. पोलीस किंवा क्रायसिस टीमने ५१५० लावलं तर ७२ तासांपर्यंत हॉस्पिटलात ठेवून तपासतात. त्यानंतर गरज वाटली तर ५२५०, म्हणजे अजून १४ दिवसांपर्यंत. हे आकडे म्हणजे कायद्यातली कलमं आहेत पण इथे सगळे नर्सपासून आईपर्यंत आकड्यातच बोलतात, "त्याला फिफ्टी-वन-फिफ्टी केलं" असं.

अशा वेळी एक फॉर्म फार कामाचा आणि कोणी आपणहून देत नाही: एबी १४२४ फॉर्म. घरच्यांनी लिहून दिलेला आजाराचा पूर्वेतिहास हॉस्पिटलला विचारात घ्यावा लागतो, त्यासाठीचं ते कागद. काउंटीच्या वेबसाइटवर असतो, आत्ताच भरून प्रिंट काढून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. डॉक्टर "प्रायव्हसीमुळे काही सांगू शकत नाही" म्हणतील, ते त्यांच्या बाजूने ठीक, पण तुमचं ऐकून घ्यायला त्यांना कसलीही बंदी नाही. मी तर म्हणायचे, "तुम्ही काही बोलू नका, मी बोलते, तुम्ही फक्त लिहून घ्या."

कोणतं दार ठोठवायचं

तीन दारं आहेत आणि लोक सर्रास गल्लत करतात.

पहिलं एलपीएस (लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट) कॉन्झर्व्हेटरशिप. १९६७ चा कायदा. माणूस स्वतःच्या जेवणा-कपड्या-निवाऱ्याची सोय करू शकत नाही इतका आजारी असेल तर कोर्ट त्याच्यासाठी कॉन्झर्व्हेटर, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारा पालक, नेमतं, एका वेळी एक वर्षासाठी. २०२३ मध्ये ही व्याख्या रुंद केली, त्यात स्वतःची सुरक्षितता आणि गरजेचे वैद्यकीय उपचार आणि गंभीर व्यसनही आलं. पण याची सुरुवात साधारणपणे हॉस्पिटलातल्या डॉक्टरकडून होते, घरचे थेट अर्ज करू शकत नाहीत.

दुसरं एओटी (असिस्टेड आउटपेशंट ट्रीटमेंट, म्हणजे हॉस्पिटलबाहेर राहून कोर्टाच्या देखरेखीखाली उपचार), ज्याला लॉराज लॉ म्हणतात. २००१ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्याच नेवाडा काउंटीच्या क्लिनिकमध्ये काम करणारी लॉरा विल्कॉक्स ही १९ वर्षांची मुलगी एका उपचार न घेणाऱ्या पेशंटच्या गोळीबारात गेली, त्यानंतर २००२ मध्ये हा कायदा झाला. यात घरचे काउंटीला विनंती करू शकतात पण कोर्टात अर्ज काउंटीनेच करायचा. अट साधारण अशी की गेल्या ३६ महिन्यांत दोनदा हॉस्पिटल किंवा जेल, किंवा ४८ महिन्यांत हिंसा किंवा तसा प्रयत्न. निदानाची यादी मात्र केअरपेक्षा मोठी आहे.

तिसरं केअर. इथे पहिल्यांदाच घरच्या माणसाला स्वतः कोर्टात अर्ज करता येतो, म्हणून हा लेख.

भारतातून आलेल्यांची एक पंचाईत होते ती इथेच सांगते. तिकडे २०१७ च्या कायद्याच्या ८९ व्या कलमाखाली नॉमिनेटेड प्रतिनिधीने अर्ज केला आणि दोन तज्ज्ञांनी तपासून होकार दिला की ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं, आणि बहुतेक घरांत तो प्रतिनिधी म्हणजे बाबा किंवा भाऊच. त्यामुळे माझा मामा पुण्याहून रोज फोन करायचा, "अगं तुम्ही सही करून टाका ना, येरवड्याला आमच्या शेजाऱ्यांनी असंच केलं." मामा, इथे २८ काय ३४ काय, अठराच्या पुढचा मुलगा म्हणजे कायद्याने स्वतंत्र माणूस, आपल्या सहीला काही किंमत नाही. हे तिकडच्या नातेवाईकांना एकदा शांतपणे समजावून टाका, नाहीतर ते तुमचंच डोकं खातात.

तुमचा माणूस यात बसतो का

वय १८ किंवा त्याहून जास्त. निदान स्किझोफ्रेनिया गटातलं, म्हणजे स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह, डिल्युजनल डिसऑर्डर वगैरे. जानेवारी २०२६ पासून सायकोसिसची (म्हणजे भास-भ्रम, वास्तवाचं भान सुटणं) लक्षणं असलेला बायपोलर वन पण आला, म्हणजे ज्यांना २०२४ मध्ये नाही म्हटलं त्यांनी पुन्हा बघा. नुसतं डिप्रेशन, डिमेन्शिया, किंवा फक्त नशेमुळे आलेला सायकोसिस यात बसत नाही (व्यसन सोबत असेल तर चालतं, पण मूळ निदान ते हवं).

मग पाच गोष्टी अजून: लक्षणं आत्ता आहेत. तो स्वतःहून चालू असलेल्या उपचारावर स्थिर झालेला नाही. त्याची तब्येत ढासळतेय आणि देखरेखीशिवाय सुरक्षित राहणं कठीण आहे, किंवा मदत न मिळाल्यास गंभीर इजा किंवा पूर्ण परावलंबी होण्यापर्यंत जाईल. आणि केअरपेक्षा कमी बंधनाचा दुसरा उपाय पुरेसा नाही, आणि केअरचा त्याला फायदा होण्याची शक्यता आहे.

नागरिकत्वाची अट या पात्रतेत कुठेच नाही. एचवन, एच-फोर वाल्यांना हीच भीती पहिली असते. व्हिसाच्या बाकी गुंत्यासाठी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारून घ्या.

अर्ज कोण करू शकतं: नवरा-बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, किंवा जो त्याच्यासोबत राहतो तो, म्हणजे रूममेट पण. शिवाय हॉस्पिटल, उपचार करणारा थेरपिस्ट, वारंवार संबंध आलेले पोलीस-फायरवाले, काउंटी, आणि स्वतः तो माणूसही. इथे एक व्यवहाराची गोष्ट: पहिल्या सुनावणीला अर्जदार हजर नसेल तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईच्या नावाने अर्ज करू नका, तिचं परतीचं तिकीट आणि सुनावणीची तारीख नेमकी एकमेकांवर येणार. माहिती आईची, सही इथे राहणाऱ्या भावंडाची, असं करा.

पुरावा: आईचं कालनिर्णय

सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवणार आहे कारण अर्ज इथेच तरतो किंवा बुडतो.

माझ्याकडे भावाबद्दल दहा वर्षांचं रडगाणं होतं पण तारीख एकही नव्हती. कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरमधली बाई (ही सेंटर्स फुकट असतात, जरूर जा) शांतपणे विचारत होती, शेवटचं कधी झालं, किती वेळा, कोणी बघितलं, आणि मी आपली "हल्ली बरेचदा" असं काहीतरी. घरी येऊन वैतागून फ्रिज उघडायला गेले तर समोर कालनिर्णय. आई दरवर्षी कुणाकडून तरी मागवते. तिची सवय म्हणजे पूर्वी दुधाचा हिशेब लिहायची तशी ती चौकटीत बारीक अक्षरात काहीतरी लिहीत असते, आम्ही कोणी कधी वाचलंच नव्हतं. संकष्टीच्या चौकटीत, चंद्रोदयाच्या वेळेखाली: "जेवला नाही". पुढे तीन दिवस नुसती रेघ, म्हणजे तेच. मग "रात्रभर चालत होता २ ते ५", "स्मोक अलार्म काढला, आवाज येतो म्हणाला", "पोलीस, शेजारी", "आंघोळ १६ दिवस". पाच महिन्यांच्या पानांवर सगळं होतं. मी फोटो काढले, खाली इंग्लिशमध्ये तारीखवार यादी टाइप केली, आणि दुसऱ्या अर्जाला ती जोडली. काउंटीच्या क्लिनिशियनने नंतर मला विचारलं की ही मूळ वही बघता येईल का, तर मी कॅलेंडरच घेऊन गेले, त्याने राशिभविष्याची पानं पण कुतूहलाने चाळली.

तर आजपासून लिहायला लागा. कागद कसलाही चालेल. काय झालं, कधी, किती वेळ, कोणी पाहिलं. निष्कर्ष लिहू नका, घटना लिहा. "तो आमचं ऐकत नाही, खूप त्रास देतो, औषध घेत नाही" या वाक्याचा कोर्टाला काही उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर असं वाक्य कुठल्याही घरातल्या कुठल्याही तरुण मुलाबद्दल लिहिता येईल. त्याऐवजी मी असं लिहिलं होतं: "१२ फेब्रुवारी ते ३ मार्च असे २० दिवस त्याने घरी शिजवलेलं काहीही खाल्लं नाही कारण त्यात विष आहे असं त्याला वाटतं, फक्त सीलबंद प्रोटीन बार खाल्ले, डॉक्टरकडे १६८ पौंड असलेलं वजन ३ मार्चला १४१ होतं." हे वाचून कोणालाही वेगळं काही विचारावं लागत नाही.

सोबत गोळा करा: हॉस्पिटलचे डिस्चार्जचे कागद, ५१५० आणि ५२५० च्या तारखा, पोलिसांच्या भेटींचे केस नंबर, औषधांची यादी (कुठलं चाललं, कुठल्याने त्रास झाला), आणि टेक्स्ट मेसेजचे स्क्रीनशॉट. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, गावाकडचा अंगारा, काय काय करून झालं तेही लाज न बाळगता सांगा, निदान डॉक्टरला तरी, कारण आमच्याकडे एक पुडी औषधासोबत चालली होती आणि ती कोणाला माहीतच नव्हती.

काउंटीला आधी फोन

अर्ज करण्याआधी काउंटीच्या बिहेवियरल हेल्थच्या अ‍ॅक्सेस लाइनला फोन करा आणि "केअर टीम किंवा एओटी टीमशी बोलायचंय" असं सांगा. कधीकधी काउंटी स्वतः अर्ज करते, मग तुमचं निम्मं काम वाचतं. कधीकधी ते म्हणतात आधी आम्ही आउटरीच करून बघतो, म्हणजे त्यांची माणसं येऊन त्याला भेटतात, बोलून बघतात. तेही घ्या, पण तारीख आणि बोललेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा. आमच्या फोनवर पहिल्या वेळी ज्यांनी उचलला त्यांना केअर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, दुसऱ्या वेळी वेगळी व्यक्ती होती आणि तिने वीस मिनिटं व्यवस्थित समजावलं. माणसावर असतं.

फॉर्म

केअर-१०० हा मुख्य अर्ज, कॅलिफोर्निया कोर्टाच्या वेबसाइटवर फुकट, दाखल करायची फी शून्य. त्याच्यासोबत केअर-०५० नावाचं माहितीपत्रक आहे ते आधी वाचा, कंटाळवाणं आहे पण प्रत्येक रकान्यात काय लिहायचं ते त्यात सांगितलंय. अर्ज कुठल्या काउंटीत? जिथे तो राहतो, किंवा तो सध्या जिथे सापडतो, किंवा जिथे त्याच्यावर एखादी केस चालू आहे तिथे. तुम्ही फ्रीमॉन्टला आणि तो सॅन होजेच्या शेल्टरमध्ये असेल तर अलामीडा नाही, सँटा क्लारा.

अर्जाला दोनपैकी एक गोष्ट जोडावीच लागते. एकतर केअर-१०१, म्हणजे मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या लायसन्सधारक डॉक्टर किंवा क्लिनिशियनचं डिक्लरेशन, की गेल्या ६० दिवसांत त्यांनी याला तपासलंय, किंवा तपासायचा बरेचदा प्रयत्न केला पण तो तयार झाला नाही, आणि तो निकषात बसतो असं त्यांना वाटतं. किंवा मग पुरावा की त्याला निदान दोनदा ५२५० सारख्या सक्तीच्या उपचारासाठी ठेवलं होतं आणि त्यातलं शेवटचं गेल्या ६० दिवसांतलं आहे.

आमचा पहिला अर्ज या ६० आकड्यावर आपटला. डॉक्टरने फॉर्म भरून दिला डिसेंबरात, मी सणासुदीत, पाहुण्यांत, आणि थोडं घाबरूनही ते पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं, जानेवारीच्या शेवटी दाखल केला, तोपर्यंत तपासणीला ७४ दिवस झाले होते. फेटाळला. कोणाची चूक म्हणाल तर माझीच. तेव्हा डॉक्टरचा कागद हातात आला की त्याच आठवड्यात दाखल करा, बाकी सगळं आधी तयार ठेवून. डॉक्टर नकार देऊ शकतो, काहींना कोर्टाच्या कागदावर सही नको असते, तर काउंटीच्या क्रायसिस टीममधल्या क्लिनिशियनला विचारा, किंवा हॉस्पिटलात असतानाच तिथल्या सोशल वर्करला गाठा. हॉस्पिटलात असतानाचे दिवस सोन्याचे, घरी आल्यावर मग कोणी सापडत नाही.

रागाने अर्ज करू नका, प्रॉपर्टीच्या भांडणात तर अजिबात नको. मुद्दाम छळायला किंवा काही तथ्य नसताना पुन्हा पुन्हा अर्ज केला तर कोर्ट तुमच्यावर तसा शिक्का मारू शकतं.

दाखल केल्यानंतर

कोर्ट आधी कागदावरच बघतं की प्रथमदर्शनी केस आहे का. असेल तर काउंटीला आदेश देतं, जाऊन भेटा, चौकशी करा, अहवाल द्या. भावाला नोटीस द्यायचं काम या आदेशाने काउंटीकडे जातं. मुदती "कोर्ट डेज" मध्ये मोजतात म्हणजे शनिवार-रविवार-सुट्ट्या सोडून, आणि काउंटीला बोलणी जमत असतील तर वाढवूनही मिळते. थोडक्यात, आठवडे जातात. धीर धरा.

या काळात आउटरीचवाले येतात. आमच्याकडे दोघं यायचे, त्यातला एक पीअर, म्हणजे स्वतः या आजारातून गेलेला माणूस. पहिल्या दोन वेळा भावाने दार उघडलं नाही. तिसऱ्या वेळी दाराआडून "ताई, यांना जायला सांग" म्हणाला. त्या पीअरने बाहेर पायरीवर बसून सीलबंद चिप्सचं पाकीट दाराच्या फटीजवळ ठेवलं आणि निघून गेला, मीच त्याला सीलबंद खाण्याचं सांगितलं होतं. पाचव्या खेपेला दार उघडलं. म्हणून सांगते, टीमला तुमच्या माणसाच्या बारीक गोष्टी सांगा, काय आवडतं, कशाने बिथरतो, सकाळी भेटतो की रात्री.

आणि नोटीस त्याच्या हातात पडायच्या आधी तुम्ही त्याला सांगा. मी सांगितलं नाही. त्याने पहिलं पान वाचलं, त्यावर अर्जदार म्हणून माझं नाव, आणि सतरा दिवस माझ्याशी बोलला नाही.

अहवालात काउंटी असंही म्हणू शकते की तो आता स्वतःहून सेवा घ्यायला तयार झालाय आणि त्या लागू पडतायत, मग कोर्ट अर्ज बंद करतं. घरच्यांना हा पराभव वाटतो. मला तसं वाटत नाही, उपचार सुरू झाले ना? फक्त काउंटीच्या टीमकडून नाव, नंबर आणि पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, कारण आता कोर्टाची नजर नाही.

सुनावणी

पहिली हजेरी. आमची झूमवर झाली. चौकटीत कोण कोण: जज, काउंटीचा वकील, काउंटीची क्लिनिशियन, भावाची वकील (लीगल एड किंवा पब्लिक डिफेंडर, त्याला फुकट, कोर्टच नेमतं), आणि मी. ही वकील त्याची आहे, तुमची नाही, ती त्याला जे हवंय ते मांडणार, तुम्हाला नको असलं तरी. पहिल्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला होता. नंतर कळलं की वर्षभर त्याने ज्या एका माणसाचे फोन उचलले ती तीच.

सुनावण्या सहसा लोकांसाठी बंद असतात, कागदपत्रं गोपनीय. मंडळात कळेल ही धास्ती सोडा.

इंग्लिश अडचणीचं असेल तर कोर्ट दुभाषी फुकट देतं, आयएनटी-३०० फॉर्मवर मागणी करा, मराठीचा दुभाषी लगेच मिळेल असं धरून चालू नका, तारीख मिळाली की त्याच दिवशी मागा. आपल्याच मुलाला भाषांतर करायला बसवू नका.

मग या हजेरीत एक धक्का असतो: कोर्ट तुमच्या जागी काउंटीच्या बिहेवियरल हेल्थ डायरेक्टरला अर्जदार करतं. म्हणजे इथून पुढे केस काउंटीची. पुढची सुनावणी, ज्यात निकषांत बसतो का ते ठरतं, ती १० दिवसांत असते, तिथे तुम्हाला निवेदन करायचा हक्क आहे. दोन मिनिटांचं लिहून न्या. त्यानंतर तुम्हाला नोटिसा मिळत राहाव्यात अशी विनंती करून ठेवा, भावाची हरकत नसेल तर सोपं जातं.

अ‍ॅग्रीमेंट, प्लॅन, आणि वर्ष

पात्र ठरला की १४ दिवसांत काउंटी आणि तो (वकिलासह) बसून ठरवतात. दोघांचं जमलं तर केअर अ‍ॅग्रीमेंट, नाही जमलं तर तपासणी करून कोर्ट केअर प्लॅनचा आदेश देतं. आमचं अ‍ॅग्रीमेंट झालं. त्यात औषध, थेरपी, केस मॅनेजर, व्यसन असेल तर त्याची मदत, राहण्याची सोय, असं सगळं येतं. तो एक सपोर्टर निवडू शकतो, जो बैठकींना सोबत बसतो. तुम्हालाच निवडेल असं नाही. आमच्याने कॉलेजच्या जुन्या मित्राला निवडलं, आणि चांगलं झालं.

साधारण दर ६० दिवसांनी कोर्टात आढावा. इथे काउंटीला विचारतात, घर देणार होतात, कुठपर्यंत आलं? हे ऐकायला मला फार बरं वाटायचं, खोटं का बोलू.

दोन गैरसमज. एक, जबरदस्तीने इंजेक्शन. नाही, या कायद्यात नाही. कोर्ट औषधाचा आदेश देऊ शकतं पण बळजबरीने टोचता येत नाही. तेवढ्यासाठीच कोर्टात जात असाल तर हे दार तुमचं नाही. दोन, घर लगेच मिळेल. प्राधान्य मिळतं, पण बेड कुठून येणार, ती रांग खरीच आहे.

प्रायव्हेट इन्शुरन्सवाल्यांसाठी, म्हणजे आपल्यातले निम्मे: मेडी-कॅल (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा राज्याचा सरकारी आरोग्य विमा) असायलाच पाहिजे असं काही नाही. कॅलिफोर्नियाच्या नियमाखालच्या कमर्शियल प्लॅनना केअर प्लॅनमधल्या सेवा नेटवर्कबाहेरच्या असल्या तरी द्याव्या लागतात, कोपे (आपण भरायचा वाटा) न लावता, औषधांचा अपवाद. कंपनी स्वतः पैसे भरते असा सेल्फ-फंडेड प्लॅन असेल तर वेगळं असू शकतं, एचआरला तेवढंच विचारा, बाकी कारण सांगायची गरज नाही.

वर्षाच्या अकराव्या महिन्यात ठरतं, पुरे की अजून वर्षभर. पुढचं वर्ष त्याला हवं असेल तर मिळू शकतं. प्लॅन अजिबात पाळला नाही तर शिक्षा नाही, पण पुढच्या सहा महिन्यांत कॉन्झर्व्हेटरशिपची वेळ आली तर कोर्ट ही गोष्ट विचारात घेऊ शकतं. हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितलेलं बरं, तुम्ही धमकीसारखं वापरू नका.

अर्ज फेटाळला तर कारण वाचा. आमच्यासारखा कागद जुना असेल तर नवीन कागद घेऊन पुन्हा जाता येतं. निदान बसत नसेल तर एओटीकडे वळा. आणि घरच्यांसाठी नामी (NAMI, मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणारी संस्था) यांचे फॅमिली-टू-फॅमिली वर्ग आहेत, फुकट, काउंटी-काउंटीत. मी आईला घेऊन गेले तेव्हा ती पहिल्या वेळी काही बोलली नाही, दुसऱ्या वेळी कॅलेंडर घेऊन आली.

भावाचं अ‍ॅग्रीमेंट होऊन आता आठ महिने होतील. सध्या तो टीमबरोबर सायकिअ‍ॅट्रिक अ‍ॅडव्हान्स डायरेक्टिव्ह लिहितोय, म्हणजे पुन्हा बिघडलं तर काय करायचं ते बरा असतानाच लिहून ठेवणं, कुठलं औषध चालतं, कुठल्या हॉस्पिटलात नको. कोणाला कळवायचं या रकान्यात त्याने माझा नंबर टाकलाय, आणि पुढे लिहिलंय की रात्री दहानंतर असेल तर आईला सकाळीच सांगा.